बेघर मुलांचे नाव पटावर टिकेल कसे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळाबाह्य मुलांच्या शोधमोहिमा दरवर्षी निघतात. आकडे जाहीर होतात, गुलाबाची फुले देऊन मुलांना वर्गात बसवले जाते. सोलापुरातल्या बेघर मुलांची खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. रेल्वे स्टेशनच्या आसपास, एसटी स्टँडजवळ, पुलाखाली, मोकळ्या प्लॉटवर पाल ठोकून राहणाऱ्या कुटुंबातले मूल जूनमध्ये दाखल होते आणि दिवाळीनंतर वर्गात दिसत नाही. कुटुंबाने शहर सोडलेलेच असते असे नाही. अतिक्रमण हटावची गाडी आली, प्लॉटमालकाने तारेचे कुंपण घातले किंवा हातातले काम संपले, की ते तीन-चार किलोमीटर पलीकडे सरकते. जुन्या शाळेत महिनाभर गैरहजेरी लागली की मूल शाळाबाह्य ठरते आणि पुढच्या मोहिमेत तेच मूल दुसऱ्या शाळेच्या खात्यावर नव्याने जमा होते. दोन्हीकडे काम झाल्याची नोंद होते, मुलाचे वर्ष मात्र जाते.

दाखल करण्याइतकीच मेहनत नाव टिकवण्यावर घ्या, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्याला नवा कायदा लागत नाही आणि पैसाही फारसा लागत नाही.

आधी बेघर कोणाला धरायचे ते ठरवायला हवे. जनगणनेच्या व्याख्येत रस्त्याकडेला, फूटपाथवर, पाइपात, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मंडपात, फलाटावर राहणारे येतात. शाळेच्या कामासाठी एवढे पुरत नाही. भाडे थकले म्हणून विडी घरकुल वसाहतीत मामाच्या एका खोलीत आठ जणांत झोपणारी मुलगी, सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या पुराने घर नेल्यावर नातेवाइकांकडे आलेला मुलगा, जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला पाळण्यांबरोबर होम मैदानावर आलेली मुले, कारखान्याच्या तळावर कोपीत राहणारी ऊसतोड कामगारांची मुले, या सगळ्यांची अडचण शाळेपुरती एकच असते: उद्याचा पत्ता ठाऊक नाही. अमेरिकेत 1987 सालचा मॅककिनी-व्हेंटो कायदा आहे. घर गेल्यामुळे दुसऱ्याच्या घरी आसऱ्याला राहणारे मूलही त्यात बेघरच धरले जाते. तिथले सगळेच इकडे आणा असे नाही, पण ही व्याख्या घेण्यासारखी आहे.

प्रवेशापुरता आपला कायदा पुरेसा स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 14 नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद चालते, तीही नसेल तर पालकांचे स्वयंघोषणापत्र चालते. कलम 5 म्हणते की जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही. दाखला द्यायला विलंब करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. वर्ष अर्धे सरले तरी प्रवेश द्यावाच लागतो, ते कलम 15. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचे प्रवेश होतील हे पाहणे आणि आपल्या हद्दीतल्या 14 वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे हे कलम 9 नुसार स्थानिक प्राधिकरणाचे, म्हणजे शहरात महापालिकेचे, कर्तव्य आहे. हे मुख्याध्यापकांना ठाऊक नसते असे नाही. तरीही 'आधार आणा, मग बघू' हे वाक्य ऐकू येते, आणि त्यामागचे कारण समजून घेतल्याशिवाय नुसते परिपत्रक काढून काही होणार नाही.

कारण संच मान्यतेत, म्हणजे शाळेला मिळणाऱ्या शिक्षकपदांच्या मंजुरीत आहे. शिक्षकांची पदे 30 सप्टेंबरच्या पटावर ठरतात आणि त्यातही आधार जुळलेलेच विद्यार्थी मोजले जातात. नोव्हेंबरात ऊसतोडीबरोबर किंवा जानेवारीत यात्रेबरोबर आलेले मूल त्या हिशेबात नसते. म्हणजे त्याला घेतले तर शिक्षकाचे काम वाढते, पद वाढत नाही. उलट एप्रिलमध्ये ते निघून गेले की गळतीचा शेरा शाळेच्या माथी. आधारविना प्रवेश नाकारू नये, आधार नाही म्हणून मुलाला कोणत्याही लाभापासून वंचित ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 च्या निकालात म्हटले आहे. प्रवेश त्यामुळे मिळतो, पण मोजणीत मूल आले नाही तर शाळेला ते ओझेच वाटत राहते.

आधार काढण्याचा एक मार्ग शाळांनी वापरायला हवा. पत्त्याचा पुरावा नसेल तर आधारच्या ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र चालते. ते नगरसेवक, तहसीलदार किंवा निवारा केंद्राचे अधीक्षक देऊ शकतात, तसेच मान्यताप्राप्त शाळेचे प्रमुखही आपल्या विद्यार्थ्यासाठी देऊ शकतात. फोटोवर सही-शिक्का असा घ्यायचा की अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर येईल. प्रमाणपत्र तीन महिनेच चालते, म्हणून आधी आधार केंद्रावरची वेळ घ्यावी आणि मग सही करावी. बहुतेक वेळा हाच क्रम उलटा होतो. नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरप्रमाणेच सांगावी. शाळेत 'सुनीता' आणि आधारवर 'सुनिता' झाले तरी पडताळणी अडू शकते.

जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदीची वही, याबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण ते पान मुलाच्या मागे जन्मभर येते. पालावरच्या अनेक कुटुंबांत सरकारी शिक्क्याचा पहिला कागद म्हणजे मुलाचा शाळेचा दाखला. पुढे जातीचा दाखला काढताना विमुक्त जाती, भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. तो नसलेल्या घरात आजची नोंद पुढच्या पिढीच्या उपयोगी पडते. म्हणून जात-पोटजातीचा रकाना मोकळा सोडू नये, कुटुंबातल्या मोठ्या माणसाला विचारून नेमका शब्द लिहावा. पालकाच्या व्यवसायात 'भिक्षेकरी' किंवा 'फिरस्ता' असे लिहू नये. मजुरी, फेरीवाला, भंगार गोळा करणे, जे असेल ते लिहावे. पत्त्यात खूण लिहावी आणि निवारा केंद्रात राहत असतील तर केंद्राचा पत्ता. फोन नंबर दोन घ्यावेत. आईचा नंबर रिचार्जअभावी बंद पडतो, म्हणून दुसरा नंबर जागेवरून न हलणाऱ्या माणसाचा असावा: चहाची टपरी, किराणा दुकान किंवा मुकादम. मूल तीन दिवस आले नाही की याच दुसऱ्या नंबरवर बहुतेक वेळा पत्ता लागतो. महिना उलटल्यावर फोन केला तर टपरीवाल्यालाही आठवत नाही.

मूल खरोखरच हलले तर पुढची गाठ यू-डायसशी, म्हणजे शाळा व विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीशी. जुन्या शाळेने 'शाळा सोडली' अशी नोंद केली की मुलाचे नाव ड्रॉपबॉक्समध्ये जाते आणि नवी शाळा पेन नंबर (विद्यार्थ्याचा कायमचा शिक्षण क्रमांक) व जन्मतारीख टाकून ते ओढून घेते. जुन्या शाळेने नोंद केलीच नाही, किंवा पालकाने नव्या शाळेत जन्मतारीख अंदाजाने सांगितली, तर नाव सापडत नाही. मग नवी शाळा वैतागून नवीनच नोंद करते, एका मुलाच्या दोन नोंदी होतात आणि आधार दोन्हीकडे अडकतो. याला साधा उपाय आहे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी अशा प्रत्येक मुलाच्या हाती प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कागद द्यावा: पूर्ण नाव, जन्मतारीख, पेन नंबर, जनरल रजिस्टर क्रमांक, इयत्ता, शाळेचा यू-डायस क्रमांक आणि मुख्याध्यापकांचा फोन. त्याचाच फोटो आईच्या मोबाइलमध्ये. पाऊस, भांडण, पोलिसांची हाकाटी यांत कागद जातो, फोटो राहतो; फोन हरवला तर कागद.

वर्गातले म्हणाल तर दहा वर्षांच्या, अक्षरओळख नसलेल्या मुलाला पहिलीत बसवण्याची चूक अजून होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 नुसार त्याला वयानुरूप वर्गात, म्हणजे पाचवीत, बसवायचे असते आणि किमान तीन महिने ते जास्तीत जास्त दोन वर्षे विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. सहा वर्षांच्या पोरांत उंच दिसणारे मूल आठवडाभरात लाजून पळते. पहिल्या दोन-तीन दिवसांत अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कुठवर वाचता येते ते पाहावे. रोज तासभर वेगळे बसवून भाषा आणि गणित घ्यावे आणि बाकी वेळ वर्गातच ठेवावे. गृहपाठ शाळा सुटल्यावर तिथेच अर्धा-पाऊण तास करून घ्यावा, कारण पालावर दिवा नसतो. ही मुले हिशेबात बऱ्याचदा तयार असतात. फुगे विकताना सुट्टे मोजणाऱ्याला तोंडी वजाबाकी शिकवावी लागत नाही, ती मांडायला शिकवावी लागते.

माध्यमाचा प्रश्न सोलापूरकरांना सांगायला नको. कलबुर्गीहून आलेले मूल कन्नड बोलते, तेलंगणातून आलेले तेलुगू. आपल्याकडे कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, ही मोठी सोय. पण कुटुंब दोनच महिने राहणार असेल आणि ती शाळा लांब असेल, तर जवळच्या मराठी शाळेतच घ्यावे. लांबच्या शाळेपायी मूल घरीच राहते.

प्रत्येक शाळेत एक लोखंडी कपाट या मुलांसाठी राखून ठेवावे. त्यात प्रत्येकाचे दप्तर आणि गणवेशाचे दोन जोड, शिवाय साबण, कंगवा, टॉवेल आणि मोठ्या मुलींसाठी सॅनिटरी पॅड. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. पालावर प्यायच्या पाण्याचीच मारामार, तिथे गणवेश कोण धुणार? शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर शाळेतच धुऊन गच्चीवर टाकला की सोमवारी कपाटातून मिळतो. मळका गणवेश आणि त्यावरून होणारी चिडवाचिडवी हे शाळा सोडण्याचे कारण कोणत्याही सर्वेक्षणाच्या तक्त्यात येत नाही, पण वर्गशिक्षकाला विचारा. उशिरा आलेल्या मुलाला बाहेर उभे करू नये. पहाटे उठवून हाकलले असेल, किंवा आई येईपर्यंत सामान राखत बसले असेल. दुपारचे जेवण त्याला मिळालेच पाहिजे. पहिली ते पाचवीला 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम धान्याचे ते ताट अनेकांचे दिवसातले एकमेव शिजवलेले अन्न असते. आणि वह्या वाटताना 'बेघर मुलांनो, उभे राहा' म्हणून देणगीदारांबरोबर फोटो काढायची हौस कृपया आवरा.

आणखी एक भीती आहे. शाळेला कळले तर पोराला बालगृहात टाकतील, म्हणून आया खरे सांगत नाहीत. बाल न्याय कायदा 2015 मध्ये मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय आहे. आई सोबत असलेल्या मुलासाठी बालकल्याण समितीकडे जायचेच असेल तर बालसंगोपन योजनेसाठी जावे. एकल पालकाच्या मुलाला त्यातून दरमहा मदत मिळते. मारहाण, भीक मागायला लावणे, बालविवाह असे काही दिसले तर मात्र 1098 या बालमदत क्रमांकावर फोन करायला एक दिवसही थांबू नये.

हे सगळे एकेका शिक्षकाच्या चांगुलपणावर सोडले तर त्याची बदली झाली की संपते. अमेरिकेच्या त्या कायद्यानुसार प्रत्येक शालेय जिल्ह्याला बेघर विद्यार्थ्यांसाठी एक संपर्क व्यक्ती नेमावीच लागते. सोलापूर महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण मंडळाने असा एक माणूस नेमावा. त्याच्याकडे एक नोंदवही आणि एक फोन असावा. दर सोमवारी शाळांनी तीन दिवसांहून अधिक गैरहजर असलेल्या अशा मुलांची नावे त्याला कळवावीत, मूल कुठे सरकले ते त्याने शोधावे आणि त्या भागातल्या मुख्याध्यापकांना सांगून आठवडाभरात नाव वर्ग करावे. हद्दवाढ भागात रस्त्याच्या एका बाजूला महापालिकेची शाळा आणि थोडे पुढे जिल्हा परिषदेची, अशी स्थिती आहे. म्हणून शिक्षणाधिकारी (प्राथमिक) कार्यालयातही याच कामाचा दुसरा माणूस हवा आणि दोघांची यादी एकच हवी. आठवी झालेल्यांना नववीला अनुदानित शाळा आणि समाजकल्याणचे वसतिगृह मिळवून देणेही त्यांच्याचकडे असावे, कारण शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण आठवीला संपते.

त्या व्यक्तीचे नाव व नंबर 15 जूनपूर्वी सर्व शाळा, निवारा केंद्र, रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँडवर मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दूत लागावा. आणि शालेय शिक्षण विभागाने संच मान्यतेसाठी 30 सप्टेंबरबरोबर 31 जानेवारीची पुरवणी मोजणीही धरावी, त्यात आधार नसलेली पण प्रत्यक्ष वर्गात बसणारी मुले केंद्रप्रमुखांच्या पडताळणीने मोजावीत, असा ठराव महापालिकेने करून शासनाकडे पाठवावा.

आपले,
शाळाबाह्य मुलांसोबत काम करणारे काही शिक्षक व कार्यकर्ते,
सोलापूर