फेन्स परमिटवाल्या काकांना जाहीर थँक्यू

काका, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता बदला बघू.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, शिकागोच्या सबर्बमध्ये आमचं घर, मागे सबडिव्हिजनचं तळं आणि लेक नुकती पळायला लागलेली, त्यामुळे फेन्स हवीच होती. कॉन्ट्रॅक्टर म्हणे परमिटचं नंतर बघू, आधी डिपॉझिट द्या! तुम्ही चहा पिता पिता एवढंच विचारलंत, "घर घेतानाचा प्लॅट ऑफ सर्व्हे कुठाय?" घरखरेदीच्या (क्लोजिंगच्या) जाडजूड फाइलच्या तळातून तो, म्हणजे जागेच्या हद्दी दाखवणारा नकाशा, निघाला, तुम्ही टेबलावर पसरलात आणि तुटक रेषेवर बोट ठेवलंत, हे युटिलिटी आणि ड्रेनेजचं ईझमेंट, म्हणजे केबल-पाइप टाकायला आणि पाणी वाहून जायला राखलेली पट्टी. जागा आपलीच, पण उद्या कुणाला तिथे केबल टाकायची झाली तर फेन्स उपटतील आणि परत लावायचा खर्च आपल्याच गळ्यात. इतकं सरळ आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग सिटीने परमिटचा अर्ज परत पाठवला, का तर मागच्या उथळ चरातून सगळ्यांच्या अंगणातलं पाणी तळ्यात जातं आणि तिथे फळ्या जमिनीला टेकलेल्या चालणार नाहीत. नवरा म्हणाला सोड आता. तुम्ही मात्र प्लॅटच्या झेरॉक्सवर लाल पेनने फेन्सची लाइन, गेट, उंची, खालची फट सगळं काढून दिलंत, वर खांब 42 इंच खोल का तेही समजावलंत, इथे थंडीत जमीन तेवढी खोल गोठू शकते आणि खांब त्याच्या वरच थांबला तर फुगलेली माती त्याला हळूहळू वर ढकलते. एचओएचं (इथली घरमालकांची सोसायटी) अप्रूव्हल वेगळं आणि सिटीचं वेगळं, हेही तुमच्याकडूनच कळलं, नाहीतर एचओएची ईमेल आल्यावर आम्ही पेढेच वाटणार होतो.

आणि हो, 811! जमिनीखालच्या लाइन्स कुठे आहेत ते खुणा करून दाखवणाऱ्यांचा नंबर, खणायच्या आधी फोन लावा म्हणालात, फुकट असतं. माणसं येऊन लाल वीज, पिवळा गॅस, नारिंगी केबल, निळं पाणी असे झेंडे आणि स्प्रेच्या रेघा मारून गेली, लॉनवर नुसती रंगपंचमी. पिवळी रेघ नेमकी गेटच्या खांबाखालून! गेट सरकवलं, सिटीला नवीन ड्रॉइंग पाठवलं. हे काँट्रॅक्टरने ऑगर (खड्डे पाडायचं मशीन) घातल्यावर कळलं असतं तर काय झालं असतं, मी विचारच करत नाही.

काँक्रीट ओतायच्या आधी इन्स्पेक्टर आला, प्रत्येक खड्ड्यात टेप सोडून बघितला, सही करून गेला. चांगली बाजू शेजाऱ्यांकडे ठेवायची हा तुमचा हट्टही पाळलाय, त्यांना फेन्स आमच्यापेक्षा जास्त आवडलीये.

बाय द वे, समोरच्या मराठी फॅमिलीलाही फेन्स घालायचीये. तुमचा नंबर देऊन टाकलाय, लाल पेन तयार ठेवा.