डाव्या हातापासून पुन्हा

कोथरूड, पुणे
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "शिकवणाऱ्या बाईला आता कुणाकडे शिकायला जायला लागतं? काही कमी पडलं का गं तुला?" तेव्हा क्लासची मुलं दारात उभी होती, म्हणून "नंतर सांगते" म्हटलं. तसंही ते फोनवर नीट सांगता आलं नसतं. आणि त्यात बाबांना सांगायचं असं काही आहे, जे मी पंचवीस वर्षं सांगितलेलं नाही.

मार्चमधली गोष्ट. माझी एक विद्यार्थिनी पियानोच्या पाचव्या ग्रेडच्या परीक्षेची तयारी करत होती. सहा वर्षं माझ्याकडेच शिकलेली, दुसऱ्या कुणाकडे कधी गेलेली नाही. तुकड्यात एक अवघड जागा आहे, तिथे आली की तिचा उजवा खांदा वर जायचा, श्वास अडकायचा आणि लय पुढे पळायची. मी चार आठवडे सांगत होते, "खांदा सोड, घाई करू नकोस." एक दिवस तिला दाखवायला म्हणून मीच बसले, आणि तिच्या आईने मोबाईलवर ते टिपून घेतलं. रात्री पाहिलं. माझा खांदा वर गेला होता. श्वासही तिथेच अडकला होता. मुलीने माझं सांगणं ऐकलं नव्हतं, माझं वाजवणं ऐकलं होतं. माझी चूक जशीच्या तशी तिच्या हातात उतरली होती.

रात्रभर झोप लागली नाही. एकोणीस वर्षांत किती हातांत ती गेली असेल?

मग कॅम्पातल्या एका वयस्क बाईंकडे गेले. सत्तरी ओलांडलेल्या आहेत, फार थोड्यांना शिकवतात. त्यांनी माझी सर्टिफिकेटं पाहिली नाहीत. बाख या जर्मन संगीतकाराच्या दोन आवाजांच्या पंधरा इन्व्हेन्शन्स, म्हणजे सरावाच्या छोट्या रचना आहेत, त्यातली पहिली काढली, फक्त बावीस बारची (बार म्हणजे आपल्या आवर्तनासारखा तालाचा छोटा भाग). मी ती दहा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवते. त्यात उजवा हात एक वाक्य बोलतो आणि अर्ध्या बारनंतर डावा तेच वाक्य एक सप्तक खाली म्हणतो. बाई म्हणाल्या, "नुसता डावा वाजव. उजव्याचं गाऊन दाखव."

बाबा, मला गाता आलं नाही. बोटांना जे वीस वर्षं पाठ होतं ते गळ्याला माहीतच नव्हतं. डावा सुरू झाला की गळा त्याच्याच मागे जायचा. पहिले दोन बार जमायला मला तीन आठवडे लागले. आधी अगदी हळू, प्रत्येक सूर थांबून. रात्री अडलेली जागा सकाळी उठल्यावर कधीकधी आपोआप सुटलेली असायची, हेही मी मुलांना नेहमी सांगते, पण स्वतः अनुभवून किती वर्षं झाली होती!

बाखने १७२३ साली या पंधरा रचनांची स्वच्छ प्रत केली, तेव्हा पहिल्या पानावर त्या कशासाठी आहेत ते लिहिलं होतं. दोन आवाज स्वच्छ वाजवायला शिकावं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाजवण्यात गाणं यावं, अशा अर्थाचं. हे पान मी कॉलेजात असताना परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आता पुन्हा वाचलं आणि मिरजेच्या आपल्या बाहेरच्या खोलीत तुमच्या पेटीशेजारी बसल्यासारखं झालं. "आधी म्हण, मग वाजव." भजनी मंडळातल्या पोरांना तुम्ही हेच सांगायचा. मिशनमधल्या बाईंकडून पियानो शिकून मी घरी यायचे, तेव्हा मलाही.

आता ते सांगते, जे इतकी वर्षं राहिलं. मी वीस वर्षांची होते. परीक्षेसाठी तुम्ही मिरजेहून रात्रीच्या महालक्ष्मीने पुण्याला आला होता. माझ्या खोलीत उभं राहून माझं वाजवणं ऐकलंत आणि एवढंच म्हणालात, "म्हणून बघितलंस का गं हे?" मी तोडून बोलले. "बाबा, तुमची पेटी वेगळी, पियानो वेगळा." तुम्ही काही बोलला नाहीत. त्यानंतर माझ्या वाजवण्याबद्दल एकदाही काही बोलला नाहीत. बाहेर कुणी विचारलं की "ती पुण्यात मोठं शिकलीय" एवढंच सांगायचा. ते वाक्य मला अजून टोचतं. माझं चुकलं होतं, बाबा. वागण्यातही आणि संगीतातही.

पियानोला तर गाण्याची जास्तच गरज असते. पेटीला निदान भाता आहे, सूर धरून ठेवता येतो. पियानोत हातोडी तारेवर आपटली की संपलं, त्या क्षणापासून सूर विरतच जातो, त्याला वाढवता येत नाही. मग दोन सूर जोडायचे कसे? आधीची पट्टी नेमकी कधी सोडायची, पुढचा सूर विरत्या सुराच्या मानाने किती हलका घ्यायचा, हे सगळं कान ठरवतो. आणि कानाला ते गळ्याकडून कळतं. नुसत्या बोटांनी वाजवलं तर मण्यांची माळ तुटून विखुरल्यासारखं वाजतं. मी कितीतरी वर्षं तसंच वाजवलं, वेगात असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

तुमची दुसरी तक्रारही खरी होती, ती मात्र तुम्ही माझ्यापाशी नाही, आईपाशी केली होती. "पियानोचा गंधार चढा लागतो." आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दार बंद ठेवलं, त्याची कारणं तुम्ही मंडळातल्या लोकांना समजावून सांगायचा, त्यातलंच हे एक. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा गंधार ऐकू येतो, त्याच्यापेक्षा पियानोचा गंधार चढाच असतो. एका अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर साधारण १४ भाग. कुठल्याही सुराला सा मानून वाजवता यावं म्हणून प्रत्येक सूर थोडाथोडा सरकवलेला आहे, त्याची ही किंमत. मी आता थोड्या मोठ्या मुलांना मोबाईलवर तंबोरा लावून पियानोचा गंधार त्याच्याशेजारी ऐकवते. पहिल्यांदा कुणालाच फरक कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखादं पोर अचानक तोंड वाकडं करतं. तो चेहरा बघायला मला फार आवडतं. त्या दिवसापासून ते पोर ऐकायला लागलेलं असतं.

क्लास बदललाय माझा. पूर्वी चूक झाली की मी लगेच थांबवायची, पेन्सिलने गोल करायची. आता थांबते. सात वर्षांचा एक मुलगा आहे, चुकला की स्वतःच मान वर करून बघतो, मी काही बोलते का. मी बोलत नाही. मग तो गुणगुणतो, बोट शोधतो, सापडलं की पुढे जातो. यात तासाला कमी पानं होतात. दोन पालकांनी मुलं काढून घेतली, परीक्षा लांबतेय म्हणून. वाईट वाटलं, पण मी पुन्हा तसं शिकवू शकणार नाही.

त्या पाचव्या ग्रेडच्या मुलीला मी सगळं सांगितलं, की ही सवय तुझी नाही, माझी आहे, आणि आपण दोघी मिळून ती काढू. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मॅडम, तुमचे सर कोण होते?" मी तुमचं नाव सांगितलं, बाबा.

या पावसात पियानोच्या मधल्या भागातले सूर चढलेत, दोन पट्ट्या फुगून अडकतायत. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की ट्यूनिंगवाले काका येणार आहेत, त्यांच्याशी बोलले आहे. त्यानंतर दोघंही या. कोयनेची तिकिटं मी काढते, दिवसाचा प्रवास आईला बरा पडेल. येताना पेटी आणा. रिक्षात बसते ती, मागे मी आणली होती.

आई, तू पूर्वी पेटीच्या काळी चार पट्टीत गायचीस. गेल्या वेळी देवापुढे म्हणालीस ते पांढरी पाचच्याही खाली होतं. तुला जिथे बरं वाटेल ती पट्टी घे, मी आणि बाबा तिथे येतो.

तुमची,
धाकटी