हँडब्रेक आधी, स्टार्टर नंतर: विनिपेगच्या दादांना आभाराचं पत्र

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानायला गेले तर तुम्ही "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदललात. म्हणून लिहायला बसले, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. कॅनडात मॅन्युअल, म्हणजे क्लच-गिअरची, गाडी चालवणारी आपली माणसं थोडी असतील, पण आहेत. त्यांच्यातलं कुणी थंडीला कंटाळून रिमोट स्टार्टर, म्हणजे घरातूनच बटण दाबून इंजिन सुरू करायची सोय, बसवायला निघालं, तर तुम्ही माझ्या गाडीवर काय काय केलंत आणि काय करायला नकार दिलात, हे त्यांच्या कानावर आधी पडलेलं बरं.

विनिपेगच्या जानेवारीत सकाळी उणे तीस असणं ही काही बातमी नव्हे. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगला प्लग आहेत, ब्लॉक हीटर लावून ठेवला की इंजिन सकाळी मुकाट सुरू होतं. पण ब्लॉक हीटर गरम करतो ते इंजिन, आतली सीट नाही. आणि माझी सगळी अडचण त्या सीटचीच होती. लेक अजून वर्षाची व्हायची आहे. बाळाला कार सीटमध्ये जाड स्नोसूट घालून बांधायचं नसतं. पट्टे आपल्याला घट्ट वाटतात, पण धडक बसली की तो फुगीर कपडा दबतो आणि पट्टे सैल पडतात. म्हणजे पातळ कपड्यांवर बांधायचं आणि वरून पांघरूण घालायचं. रात्रभर गोठलेल्या त्या सीटला पाठ टेकली की ती जी किंचाळायची, ते ऐकून माझी बोटं बक्कल लावताना थरथरायची. तिचे बाबा पहाटेच कामावर जातात, त्यामुळे एकीनं बाळाला घेऊन घरात थांबायचं आणि दुसऱ्यानं गाडी तापवायची, ही सोयही नाही.

तुमच्याकडे येण्याआधी मी दोन दुकानं फिरले होते. पहिल्यानं "मॅन्युअलला आम्ही लावत नाही" म्हणून सरळ सांगितलं, आणि त्यांचं मला पटलंही. दुसरा मात्र लगेच तयार झाला, तेही स्वस्तात. क्लच दाबल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारा जो स्विच असतो, त्याच्या दोन वायरी कायमच्या जोडून टाकतो, तुम्ही हँडब्रेक लावत जा, झालं, असं त्याचं म्हणणं. ओळखीची माणसं म्हणत होती, विकून टाक आणि ऑटोमॅटिक घे. पण गाडी उत्तम चाललेली (होंडा फिट, म्हणजे आपल्याकडची जॅझ), आणि मला क्लच-गिअरची गाडी मनापासून आवडते. सांगलीत शिकले ती तशाच गाडीवर. मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं, की कोल्हापूरला उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिशियन होते, इथेही तेच काम करतात, विचारून बघ.

तुम्ही आलात आणि वायरीला हातही लावला नाहीत. पहिला प्रश्न विचारलात, "ताई, गाडी उभी करताना काय करता?" मी म्हटलं, गिअरमध्ये टाकते, चढाला पहिला आणि उताराला रिव्हर्स, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं तसं. तुम्ही मान हलवलीत. "सवय चांगलीच हाय. पण स्टार्टर लावला की हीच सवय माणूस मारंल."

मग तुम्ही जे समजावून सांगितलंत ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ऑटोमॅटिकमध्ये गाडी पार्कला आहे की नाही हे गाडीलाच कळत असतं, त्यामुळे स्टार्टरला ते विचारता येतं. माझ्या गाडीत गिअरची दांडी न्यूट्रलला आहे की नाही हे सांगणारं काहीच नाही. गाडी गिअरमध्ये, क्लचवर पाय नाही आणि घरातून कुणी बटण दाबलं, तर सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, फिरताच गाडी उडी मारणार. इंजिननं पकडलं तर तशीच पुढे जाणार, आत माणूस नसताना. "आणि म्होरं तुमच्यासारखीच कोण तरी ताई पोराला सीटमध्ये बसवत असंल," असं तुम्ही म्हणालात. ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

त्यानंतर तुम्ही हँडब्रेक तपासलात. इंजिन चालू, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, गाडी दुसऱ्यात, आणि क्लच हळूहळू सोडलात. ब्रेकनं धरलं असतं तर इंजिन बंद पडायला हवं होतं. गाडी सरकली. डॅशबोर्डवर हँडब्रेकचा दिवा मात्र लखलखीत लागलेला. तेव्हा तुम्ही दाखवलंत की दांडी जरा वर आली की तो दिवा लागतो. मागची चाकं खरोखर धरली गेलीत की नाहीत याचा त्या दिव्याला पत्ता नसतो. आणि स्टार्टरला जी वायर जोडतात ती त्या दिव्याच्याच स्विचची! म्हणजे ब्रेक ढिला असला तरी स्टार्टर समजणार, सगळं ठीक आहे. इथल्या रस्त्यावरच्या मिठानं केबल गंजलेली होती. तुम्ही म्हणालात, आधी केबल बदलू, मागच्या ड्रमचं ॲडजस्टमेंट करू, तोवर स्टार्टरचं खोकं उघडायचंच नाही. मला घाई होती, तुम्हाला नव्हती. याबद्दल तुमचे आभार मी सगळ्यात आधी मानते.

मुख्य काम तुमच्या गॅरेजमध्ये झालं. स्टेअरिंगखालचं कव्हर काढून तुम्ही पाठीवर झोपलात, तोंडात छोटी बॅटरी, हातात मल्टीमीटर, आणि प्रत्येक वायर मोजल्याशिवाय कापली नाहीत. मी बाजूला स्टुलावर बसून विचारत होते आणि तुम्ही खालूनच उत्तरं देत होतात. क्लचच्या स्विचला तुम्ही रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, लावलात. स्टार्टर स्वतः सेल्फ मारेल तेवढ्याच क्षणांपुरता तो रिले जोडला जातो. मी चावीनं गाडी सुरू करते तेव्हा पूर्वीसारखाच क्लच पूर्ण दाबावा लागतो. त्या दुसऱ्या दुकानानं वायरी कायमच्या जोडल्या असत्या, तर चावी फिरवतानाही ते संरक्षण राहिलं नसतं. आरपीएमची, म्हणजे इंजिनचे फेरे सांगणारी, वायरही तुम्ही हट्टानं शोधून काढलीत. तिच्यावरून इंजिन पकडलं की नाही हे स्टार्टरला कळतं आणि तो सेल्फ वेळेवर सोडतो. कडाक्याच्या थंडीत इंजिन पकडायला वेळ घेतं, त्यातून न्यूट्रलला क्लच सुटलेला असताना सेल्फला गिअरबॉक्समधल्या घट्ट झालेल्या तेलातूनही शाफ्ट फिरवावा लागतो. तिथे अंदाजानं सेकंद मोजून भागत नाही.

चावीतल्या चिपचा प्रश्न होताच. कॅनडात सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे, त्यामुळे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरूच होत नाही. काही जण जादा चावी डॅशबोर्डच्या आत लपवून ठेवतात आणि काम भागवतात. तुम्ही ते नाकारलंत, "चोराला घरात जेवायला बोलवायचं का?" म्हणालात, आणि रिमोटनं सुरू करताना चावीच्या चिपचं काम करणारं वेगळं मॉड्यूल मागवून त्यासाठी चार दिवस थांबायला लावलंत.

पण या सगळ्याचा प्राण म्हणजे गाडी उभी करण्याची ती पद्धत. माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून ती इथे लिहिते. इंजिन चालू असतानाच गाडी न्यूट्रलला आणायची, हँडब्रेक ओढायचा, ब्रेकवरचा पाय काढायचा, रिमोटचं बटण दाबायचं आणि चावी काढून घ्यायची. इंजिन चालूच राहतं. बाळाला घेऊन उतरायचं, सगळी दारं लावायची, रिमोटनं लॉक करायचं. मग इंजिन आपोआप बंद होतं. चावी हातात असताना इंजिन चालू राहिलं आणि गाडी जागची हलली नाही, म्हणजे ती न्यूट्रलमध्येच होती हे सिद्ध झालं. त्यानंतर कुणी आत शिरलं नाही, म्हणजे दांडी हलली नाही. यातलं काहीही मोडलं, एखादं दार उघडलं, हँडब्रेक खाली गेला, ब्रेक दाबला गेला, की ती तयारी रद्द, आणि रिमोट कितीही दाबला तरी सेल्फ फिरत नाही.

म्हणूनच प्रत्येक दाराचा स्विच महत्त्वाचा. ड्रायव्हरचं एकच दार जोडून मोकळं होणारे असतात असं तुम्ही सांगितलंत. तुम्ही चारही दारं जोडलीत, डिकी जोडलीत, बॉनेटला नवा स्विच बसवलात, कारण मेकॅनिकचा हात बेल्टजवळ असताना माझ्या पर्समध्ये बटण दाबलं गेलं तर काय? आणि मग चाचणी. गॅरेजचं दार पूर्ण वर उचललंत, बाहेर हाडं गोठवणारी थंडी असतानाही, कारण बंद गॅरेजमध्ये धुराच्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. एकेक दार उघडायचं, लावायचं, रिमोट दाबायचा. दिवे लुकलुकले, सेल्फ गप्प. पुन्हा सगळी तयारी, पुढचं दार. डिकी. बॉनेट. हँडब्रेक. मागचं डावं दार एकदा उघडलं तरी गाडी सुरू झाली, तेव्हा तुम्ही काहीही न बोलता पुन्हा आडवे झालात, जोड उघडून नव्यानं सोल्डर केलात, आणि चाचणी पहिल्या दारापासून सुरू केलीत. गाडी सुरू होत नाही याचा इतका आनंद झालेला माणूस मी त्या दिवशी पाहिला. तो आनंद मलाही कळला.

जाताना दिलेल्या सूचना मी आजही तंतोतंत पाळते. काच खाली ठेवून उतरायचं नाही, कारण दार न उघडता बाहेरून हात घालून दांडी ढकलता येते. पारा शून्याच्या आसपास खालीवर होत असेल, रस्त्यात चिखलपाणी असेल, तर ओले ड्रम रात्री गोठतात. त्या दिवशी हँडब्रेक नको, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि स्टार्टर विसरायचा. उतारावर लावली तरीही तेच. गाडी सर्व्हिसिंगला देताना आणि उन्हाळाभर स्टार्टर बंद करून ठेवायचा. बर्फ पडला असेल तर सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे ना हे बघूनच बटण दाबायचं. आत बसल्यावर आधी चावी फिरवायची, मगच ब्रेकवर पाय, नाहीतर इंजिन बंद पडतं.

तुम्ही मजुरी घेतलीत, ठरली तेवढीच, आणि मला ते फार आवडलं. ओळखीचा माणूस म्हणून फुकट केलं असतंत तर त्या डाव्या दारासाठी पुन्हा आडवं व्हायला सांगायची मला लाज वाटली असती. आता सकाळी मी लेकीला दूध पाजता पाजता खिडकीतून बघते, प्लग काढलेला आहे, आसपास कुणी नाही, आणि बटण दाबते. खाली उतरेपर्यंत सीटचं प्लास्टिक हाताला कोमट लागतं. पट्टे लावताना ती माझ्याकडे बघून हसते. किंचाळणं संपलं, दादा. हे तुम्हाला सांगायचंच होतं.

माझ्या मैत्रिणीनं तिच्या जीपसाठी तुम्हाला फोन केला होता, आणि तुम्ही तिला नाही म्हणालात. ती थोडी नाराज होती. छत कापडी, दारंसुद्धा काढता येणारी, मग दाराच्या स्विचचा भरवसा काय धरायचा, हे तुमचं कारण मी तिला पुन्हा समजावलं. तुम्ही सुचवलेला प्लगवरचा आतला हीटर तिनं मागवला आहे. तो नीट कुठे आणि कसा बसवायचा ते मात्र तुम्हीच येऊन दाखवा, तिला दुसऱ्या कुणावर सोपवायचं नाही.

संक्रांतीला वहिनींना घेऊन नक्की या. तिळाच्या वड्या मी करणार आहे, गूळ सांगलीहून आला आहे. गाडी पाहुण्यांच्या जागेत लावा, तिथला प्लग चालू करून ठेवते.

तुमची,
फिटवाली ताई
विनिपेग