व्हॅनमधली ऊब आणि ओल

महोदय,

रविवार पुरवणीतल्या कॅम्परव्हॅनच्या लेखात थंडीचा विषय एका ओळीत उरकलाय. आम्ही दोघं कोलोरॅडोत वीजजोडणीशिवाय आरव्हीत, म्हणजे घरासारख्या सोयी असलेल्या गाडीत राहतो. पहिल्या हिवाळ्यात स्वस्तातला, धुराडं नसलेला, प्रोपेन गॅसवर चालणारा हीटर घेतला. सकाळी काचांवरून पाणी ओघळायचं, गाद्या दमट. एक किलो प्रोपेन जळलं की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, हे तेव्हा कुठं ठाऊक! त्यात कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची धास्ती, म्हणून खिडकी किलकिली. म्हणजे ऊबही बाहेरच. आता ज्वलनासाठी बाहेरचीच हवा घेणारा आणि जळका वायू बाहेर सोडणारा हीटर भिंतीत बसवलाय. ‘पंख्याचा नको,’ हा हिचा हट्ट. तिचंच खरं ठरलं, बॅटरी सकाळपर्यंत पुरते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र तसाच ठेवलाय.

– एक वाचक, डेन्व्हर