विनोद चालेल, बनावट वाक्ये नकोत

महोदय,

ऐतिहासिक व्यक्तींवरील विडंबन व्हिडिओंवर सरसकट बंदी घालावी, ही मागणी करणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. बंदीला माझा विरोध आहे. पण या व्हिडिओंत थोरांच्या तोंडी खोटी वाक्ये घातली जातात, त्याला त्याहून अधिक.

हसणे विदर्भाला नवे नाही. दंडार आणि खडीगंमत या आमच्या लोकनाट्यांत राजालाही सोडत नाहीत. खुद्द गाडगेबाबा वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारून खळखळून हसवत. हसे व्हायचे ते कर्ज काढून केलेल्या तिथीचे, देवापुढे कापलेल्या बकऱ्याचे. १९५६ साली वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. ते ऐकावे आणि मग मोबाइलवर फिरणारे बाबा पाहावेत! त्यांच्या चिंध्या, गाडगे आणि बोली यांचीच टिंगल, वर बाबा कधी बोललेच नाहीत अशी वाक्ये. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरा आणि आवाजही हुबेहूब करता येतो. दंडारीतला राजा गावातलाच सोंगाड्या आहे, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. व्हिडिओत ही खूण उरत नाही. आमच्या शाळेतील मुले अशी वाक्ये बाबांचीच समजून निबंधात लिहितात, याचे फार वाईट वाटते.

म्हणून ‘संवाद काल्पनिक आहेत’ ही सूचना व्हिडिओ संपेपर्यंत पडद्यावर मराठीत, ठळक दिसणे सक्तीचे करावे.

— एक शिक्षिका, ता. दर्यापूर, जि. अमरावती