आत्या, त्या २८ गोळ्यांसाठी

प्रिय आत्या,

हे पत्र मी सगळ्यांना वाचायला ठेवते आहे, म्हणजे तू रागावणार हे ठरलेलं. पण फोनवर आभाराचा शब्द काढला की तू लगेच "बरा, बरा, पाऊस किती पडलो तो सांग" म्हणून विषय बदलतेस. मग लिहिण्यावाचून माझ्याकडे दुसरा मार्ग उरला नाही.

गेल्या वर्षीची हरतालिकेची रात्र. माझी नाईट होती. अर्धा स्टाफ गणपतीसाठी गावाला गेलेला, बाहेर धो धो पाऊस. एका पेशंटची सुई काढताना तो वेदनेने कळवळून हलला आणि सुई ग्लोव्हमधून माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीत गेली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं: १० वाजून ५० मिनिटं. पेशंटबद्दल इथे काही लिहिणार नाही. त्याचा यात काडीचाही दोष नव्हता. त्याला एचआयव्ही आहे एवढं केसपेपरवर होतं आणि मला तेवढं पुरे होतं.

बोट वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतलं, पिळलं नाही. हे सगळं आम्हाला शिकवलेलं असतं. पीईपी म्हणजे विषाणूशी संपर्क आल्यावर लागण रोखायला घ्यायचं औषध; त्याची पहिली गोळी शक्यतो दोन तासांच्या आत घ्यायची, आणि ७२ तास उलटून गेले तर उपयोग नाही, हेही शिकवलेलं असतं. पण गोळ्यांच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे, ते आरास करायला घरी गेलेले. फोनवर उत्तर आलं, "सकाळी बघू, घाबरू नका." सुईने टोचल्यावर लागण होण्याचा धोका हजारात तीनच्या आसपास असतो, हे मी स्वतः कितीतरी जणींना धीर द्यायला सांगितलंय. त्या रात्री मला हजार दिसतच नव्हते, फक्त तीन दिसत होते. पहिली गोळी पोटात गेली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते.

घरी कुणाला सांगितलं नाही. ऋषिपंचमीला आईने ऋषीची भाजी केली आणि तिच्या वासानेच मला उलटी झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू आरतीला आलीस. मी मागच्या पडवीत बसले होते. तिसरी गोळी हातात होती आणि ती घ्यायची नाही असं मी मनाशी जवळजवळ ठरवलं होतं. वॉर्डमधलं कुणीतरी म्हणालं होतं, "दोन-तीन दिवस घेतल्यास ना, पुरे झालं." मला तेच ऐकायचं होतं.

"काय गो, तोंड असा कित्याक सुकला तुझा?" एवढंच विचारलंस. आणि मी सगळं सांगून टाकलं, आईला न सांगितलेलंसुद्धा.

वाडीत तुला सगळे माकडांची डॉक्टर म्हणतात. मी लहानपणापासून तेच ऐकत आले. तू परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलीस, अमेरिकेला गेलीस आणि तिकडे माकडांना औषधं देतेस, एवढंच आम्हाला ठाऊक. आमच्याकडे माकडं म्हणजे नारळाची पाडं तोडणारी, आंब्याचा मोहोर ओरबाडणारी. अण्णा गलोल घेऊन त्यांच्या मागे धावायचे. त्यांच्यासाठी कुणी परदेशात जाऊन दवाखाना काढतं याचं मला नवल वाटायचं. तू आयुष्यभर काय केलंस, हे मला त्या संध्याकाळी पडवीत कळलं. आत "घालीन लोटांगण" चाललं होतं.

एचआयव्ही माकडांमध्ये मूळ धरत नाही, म्हणून त्याचा भाऊबंद एसआयव्ही घेऊन काम करायचं, हे तू सांगितलंस. तो १९८५ मध्ये अमेरिकेतल्या आजारी माकडांत सापडला. आफ्रिकेतल्या ज्या माकडांमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या राहतो त्यांना सहसा काही होत नाही, आशियातल्या माकडांना मात्र माणसासारखाच एड्स होतो. मी मध्येच विचारलं, पण माणसं असताना माकडं कशाला? तेव्हा तू जे म्हणालीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. माणसाला लागण नेमकी कधी झाली, कुठल्या दिवशी, किती वाजता, हे जवळजवळ कधीच कळत नाही. पेशंट डॉक्टरसमोर येतो तेव्हा महिने, वर्षं गेलेली असतात. माकडाच्या बाबतीत तास माहीत असतो. तिथून घड्याळ लावता येतं.

मी म्हटलं, माझाही माहीत आहे. १० वाजून ५० मिनिटं.

तू माझ्याकडे बघितलंस आणि मग सिॲटलची गोष्ट सांगितलीस. हे काम माझं नव्हे, असं आधी दोनदा बजावून. तिथल्या विद्यापीठात माकडांना शिरेतून विषाणू टोचला आणि टेनोफोव्हिर नावाचं औषध दिलं. कुणाला टोचण्याच्या ४८ तास आधीपासून, कुणाला ४ तासांनंतर, कुणाला २४ तासांनंतर, आणि पुढे चार आठवडे रोज. औषध मिळालेल्या एकाही माकडाला लागण झाली नाही. ज्यांना दिलं नव्हतं त्या सगळ्यांना झाली. हे १९९५ साली छापून आलं. तेव्हा ते औषध इंजेक्शनने द्यावं लागायचं. २००१ साली त्याची गोळी बाजारात आली, आणि आज माझ्या हातातल्या गोळीत जी तीन औषधं आहेत त्यातलं एक तेच.

मग १९९८ चं दुसरं काम. औषध २४ तासांनी सुरू केलं, पण किती दिवस द्यायचं ते बदलून पाहिलं. २८ दिवस दिलं ती माकडं वाचली. १० दिवस दिलं त्यातली निम्मीच पूर्ण वाचली. ३ दिवस दिलं त्यातलं एकही नाही.

"एकव नाय," तू म्हणालीस. आणि गप्प बसलीस. मी गोळी घेतली.

आत्या, नर्सिंगच्या पुस्तकात २८ दिवस असं लिहिलेलं असतं, आम्ही परीक्षेत तेच लिहितो आणि मार्क मिळवतो. तो आकडा कुठून आला, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी तुला विचारलं, त्या माकडांचं पुढे काय झालं? तू उत्तर चुकवू शकली असतीस. चुकवलं नाहीस. तुमच्या कागदांवर त्यासाठी वेगळे, सौम्य शब्द असतात, पण "मारली, बाय, इंजेक्शन देवन मारली," असं तू सरळ सांगितलंस. तुझं स्वतःचं काम त्याच्यापुढे सुरू व्हायचं. आतड्याचे कागदाहून पातळ काप, ते रंगवायचे आणि तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजायच्या. आपण रक्तातल्या सीडी-४ पेशी, म्हणजे हा विषाणू ज्यांच्यावर हल्ला करतो त्या संरक्षक पेशी, मोजत बसतो, पण विषाणू पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातल्या पेशींचा फडशा पाडतो, हे माकडांमुळे कळलं. एका माकडिणीची आठवण सांगताना तुझा आवाज बदलला. ती द्राक्ष घेताना आधी तुझं बोट धरायची, मग द्राक्ष. तिच्या आतड्याच्या काचा तू दुसऱ्या कुणाला करू दिल्या नाहीस.

तिकडच्या माकडांतली बरीच आपल्या उत्तर हिंदुस्थानातून गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं आहेत, हेही तूच सांगितलंस. भारताने १९७८ पासून त्यांची निर्यात बंद केली. कोकणातली टोपीवाली माकडं ती नव्हेत, हे कळल्यावर मला उगीचच हायसं वाटलं. का वाटावं? जी गेली ती तरी परकी कुठे होती?

लसीबद्दल विचारलं तेव्हा तू पहिल्यांदा थकलेली दिसलीस. १९९२ साली दुबळा केलेला जिवंत विषाणू मोठ्या माकडांना वाचवतो असं दिसलं, सगळ्यांना वाटलं झालं काम. १९९५ साली कळलं, तोच विषाणू नवजात पिल्लांना एड्स देतो. "तीस वर्षा गेली, लस नाय ती नायच," तू म्हणालीस, जणू चूक तुझीच होती. मला तुझा हात धरावासा वाटला, पण माझी तर्जनी बँडेजमध्ये होती आणि मनात वेडी भीती होती. ते ओळखून तूच माझा हात घेतलास आणि बँडेजवरून अंगठा फिरवलास. त्या तीन दिवसांत मला कुणी हात लावला नव्हता, कारण मी लावू देत नव्हते.

पुढे २५ रात्री, बरोबर साडेनऊला तुझा फोन. गौरी-गणपती गेले, तू कॅलिफोर्नियाला परत गेलीस, तिकडे सकाळ असायची. "गोळी घेतलंस मां?" बाकी काही नाही. सव्विसाव्या दिवशी मी म्हटलं, आता दोन गोळ्यांनी काय बिघडतंय. तू चिडलीस, खरोखर चिडलीस. मी दोन्ही घेतल्या.

सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह. हजारातल्या नऊशे सत्त्याण्णवांत मी तशीही असते कदाचित, हे मला कळतं. पण त्या २५ रात्री मी एकटी नव्हते. त्याचे आभार मला तुझे मानायचे आहेत, आणि ज्यांचे मानता येत नाहीत त्यांचेही तुझ्याचमार्फत.

आता आमच्या वॉर्डात पीईपीच्या गोळ्या ड्युटी-रूममध्येच असतात आणि किल्ली खिळ्याला टांगलेली असते. त्यासाठी मला तीन अर्ज करावे लागले. नव्या मुलींना मी तीन, दहा आणि अठ्ठावीस दिवसांची गोष्ट सांगते, माकडांसकट.

अण्णांची गलोल माळ्यावर आहे. मोहोर वाचवायला ते आता पत्र्याचा डबा वाजवतात.

यंदा मांडवावर एक तवसं तुझ्यासाठी म्हणून ठेवलंय, आईने त्याला फडकं बांधलंय. तू आलीस की त्या काकडीचं धोंडस करू. हरतालिकेच्या आधी पोच.

तुझी,
पडवीतली