पेटी कपाटावर ठेवू नका

ती. आई, दादा, वहिनी आणि छोटी,

सगळ्यांना नमस्कार. टेलरकाका गेले हा दादाचा मेसेज मी मीटिंगमध्ये असताना आला. रात्री व्हिडिओ कॉलवर आई सारखी विचारत होती आवाज का बसलाय म्हणून, तर सर्दी आहे थोडी, हीटर रात्रभर चालू असतो त्यानं घसा सुकतो, दुसरं काही नाही. ताप नाही, खोकला नाही. जेवण वेळेवर होतंय, भात रोज असतो. आणि आई, ब्रेड खाऊन पोट कसं भरतं हे टेन्शन आता सोड, इथला जर्मनीतला ब्रेड आपल्या बेकरीतल्यासारखा नसतो, दोन तुकड्यांत माणूस गप्प होतो.

फोनवर नीट बोलणं होत नाही, मधेच कुकरची शिट्टी, मधेच दारात कोणतरी, म्हणून लिहूलालेय. वहिनी, आईला सावकाश वाचून दाखव, आणि शेवटी पैशाचं आहे तेही वाच, गाळू नको.

टेलरकाकांचं ऐकल्यापासून मला सारखी ती कणीकच आठवतेय. गुरुवारी भजनाला जायच्या आधी दारात उभे राहून "वैनी, कणकीचा गोळा द्या की" म्हणायचे, पखवाजाच्या डाव्या बाजूला लावायला. आई, तू दरवेळी कुरकुर करायचीस, ह्यांच्या घरी पीठ नसतंय काय म्हणून, आणि तरी गुरुवारी कणीक मूठभर जास्तच भिजवायचीस. ते गोळा हातात घेऊन आधी वास बघायचे, मग आमच्याच पायरीवर बसून पाण्याचा हात लावत थापायचे, बोटानं टिचकी मारून ऐकायचे, परत थोडी काढायचे. पाव चपातीएवढ्या कणकेसाठी पंधरा मिनिटं. शाळेच्या युनिफॉर्मचं माप मात्र त्यांनी एका नजरेत घेतलं आणि माझा स्कर्ट कायम लांबच शिवला. घरात कानडी बोलणारा माणूस, पण 'रूप पाहता लोचनी' ह्या रूपाच्या अभंगाला साथ करताना त्यांना कधी पुढचा शब्द शोधावा लागला नाही, आणि शेवटी भैरवीच्या आधी पुरंदरदासांचं एक पद स्वतः म्हणायचे, ते आपल्यातल्या अर्ध्या लोकांना कळायचं नाही तरी कोण उठायचं नाही.

आप्पा आणि ते, दोघांचं एकमेकांशिवाय हलायचं नाही. आता दोघंही नाहीत.

मी इथं लोकांना सांगते की माझे वडील पेटी वाजवायचे, तर त्यांना वाटतं कलाकार होते. कसं सांगणार, की बेळगावात वडगावच्या गल्लीत सकाळपासून सगळ्या घरांतनं यंत्रमागांची खडखड, बोललेलं ऐकू येत नाही, आणि करंट गेला की एका क्षणात सगळे माग बंद आणि त्या शांततेत पहिला आवाज आप्पांच्या पेटीचा. बाकीच्या घरातले लोक करंट गेला म्हणून शिव्या घालायचे, आपल्याकडं मात्र तो रियाजाचा टाईम. छोटी तर करंट गेला की टाळ्या वाजवायची.

दादा, तुला आठवतं काय, एक सूर बेसूर लागायला लागला की ते पेटी उघडून बसायचे ते? पितळेच्या त्या पट्ट्या ओळीनं, एकेक काढून कागदाचा कपटा खाली सरकवायचा आणि पातीच्या टोकाला ब्लेडनं खरडायचं म्हणजे सूर वर चढतो, बुडाजवळ खरडलं की खाली येतो. मला वाटायचं उलट असणार. एकदा विचारलं तर म्हणाले टोक हलकं झालं की ते जोरात हलतंय, एवढं काय त्यात. खरडायचे पण किती, नखाला कळेल न कळेल एवढंच, आणि लगेच बसवून कान लावून ऐकायचे. "जास्त खरडलं की गेला सूर, परत जोडता येत नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ऑफिसमध्ये कुणी चांगलं चाललेलं डिझाईन अजून सुधारायला लागलं की माझ्या तोंडावर येतं.

आणि विजापुरे मास्तर. त्यांच्या क्लासमध्ये आप्पा काही रीतसर शिकले नव्हते, परवडणारं नव्हतं आणि मागावरनं सुट्टी नव्हती, पण शहरात कुठं मैफल असली आणि पेटीच्या साथीला पं. रामभाऊ विजापुरे असले की आप्पा मागच्या रांगेत ठरलेले. १९१७ ला कागवाडला जन्मलेला माणूस, २०१० पर्यंत आपल्या बेळगावात होता, एवढ्या मोठ्या गवयांना साथ केली आणि क्लासमध्ये शेजारी शेजारी कानडी पोर आणि मराठी पोर बसवलं. आप्पा त्यांच्याबद्दल बोलताना गाण्यापेक्षा हातांबद्दलच जास्त बोलायचे, की गवई तान घेतोय तेव्हा मास्तर किती कमी वाजवतात ते बघ. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, पेटीला मींड येत नाही, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, तिचे सूर बांधलेले असतात वगैरे कारणं, आणि ती सैल व्हायला तीसेक वर्षं लागली, हे मला आप्पांनीच सांगितलेलं. "रेडिओला नको होती, पण मैफलीत पेटीवाला दहा मिनिटं उशिरा आला की गवयाचा जीव वर-खाली" असं म्हणून हसायचे. मास्तर गेले त्या दिवशी करंट होता तरी आपला माग बंद होता. त्याचं नुकसान किती झालं हे आईनं आठवडाभर काढलं होतं, आठवतंय मला.

सुळेभावीला पण घेऊन गेले होते की आपल्याला, बघायला काही नसताना. कुमार गंधर्व इथले, १९२४ चा जन्म, खरं नाव शिवपुत्र, घरची भाषा कानडी आणि नंतर देवासला राहून माळव्यातली गाणी आणि कबीर गायले, हे सगळं आप्पा बसस्टॉपवर सांगत होते आणि आपल्याला भूक लागलेली. तेव्हा मी लक्ष दिलं नाही. नंतर आप्पांचा दम वाढला, डॉक्टर म्हणाले मागावरची सुताची धूळ इतकी वर्षं छातीत गेलीय, अभंग म्हणणं बंद झालं, तेव्हा ते परत परत कुमारांचंच सांगायचे. टीबीनं फुफ्फुस गेलं, पाच-सहा वर्षं गाता आलं नाही, आणि त्यानंतर जे गायले ते बघ म्हणून. आम्हाला वाटायचं स्वतःची समजूत घालतायत. पण शेवटच्या वर्षात पण डाव्या हातानं भाता आणि उजव्या हातानं सूर हे त्यांनी सोडलं नाही, म्हणायला टेलरकाका होतेच.

आता इथली एक गंमत सांगते, गंमत म्हणावं की काय कळत नाही. परवा १ नोव्हेंबरला इथं सुट्टी होती. तिकडं तुमचा काळा दिन, बेळगाव कर्नाटकात घातलं त्याच्या निषेधाचा, दादा सायकल फेरीला गेला असणार, आणि इथं त्याच दिवशी लोक आपापल्या माणसांच्या कबरीवर जातात. माझी घरमालकीण ऐंशीच्या पुढची आहे, म्हणाली झारी उचलायला चल. तर स्मशानात शिरल्या शिरल्या झाऱ्या टांगलेल्या, हिरव्या, कुलपासकट, सुपरमार्केटच्या ट्रॉलीसारखं नाणं टाकायचं, झारी परत लावली की नाणं परत. प्रत्येक कबर म्हणजे छोटी बाग. थंडी येणार म्हणून लोक त्यावर फरच्या फांद्या अंथरत होते, कात्रीनं एकसारख्या कापून. लाल काचेत मेणबत्त्या. हे सगळं छान वाटलं. मग कळलं की जागा भाड्याची असते! म्हणजे वीस वर्षांचे पैसे भरायचे (गावागावाप्रमाणे कमी-जास्त), वीस वर्षं झाली की परत भरायचे, नाही भरले तर दगड काढतात आणि जागा दुसऱ्याला. एक प्रकार असा की ओळीनं नंबर येईल तिथं पुरतात, त्यात मुदत वाढवूनच मिळत नाही. दुसरा प्रकार निवडून घेतलेली जागा, ती वाढवता येते. आता हिच्या नवऱ्याची जागा दोघांची आहे, तर तिनं मला हिशेब सांगितला की नवऱ्याची मुदत संपत आलीय, पण ती स्वतः मधे गेली तर तिची वीस वर्षं नव्यानं मोजायची, म्हणजे नवऱ्याच्या जागेचे वरचे पैसे पण तेव्हा भरावे लागणार, म्हणून आत्ता पाचच वर्षांचे भरावेत की काय. स्वतःच्या जागेवर उभी राहून, झारीनं पाणी घालत, भाजीच्या भावासारखं बोलत होती. शेजारच्या एका दगडावर स्टिकर होता, नातेवाईकांनी ऑफिसला येऊन भेटावं. आणि दरवर्षी ऑफिसचा माणूस येऊन प्रत्येक दगड हलवून बघतो म्हणे, कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून. राख घरी ठेवायची नाही, नदीत सोडायची नाही, आमच्या भागात तरी कायदाच आहे. मी ह्या लोकांना दगडी काळजाचे म्हणत नाही, ती बाई दर आठवड्याला तिथं जाते. फक्त डोक्यात बसत नाही माझ्या.

तिनं मला विचारलं, तुझ्या वडिलांची जागा कुठं? मी सांगितलं जागा नाही, आसोग्याला मलप्रभेत सोडलं. मग म्हणाली, भेटायला कुठं जाता तुम्ही? मी म्हटलं गुरुवारी विठ्ठलाच्या देवळात, तिथं त्यांची पेटी वाजते. बोलून गेले आणि मग आठवलं की पेटी तर वर्षभर आपल्या कपाटावर चादरीत गुंडाळून आहे.

म्हणून दादा, तू विचारलं होतंस ना पेटीचं काय करायचं. आत जुने जर्मन सूर, म्हणजे त्या पितळेच्या पट्ट्या, आहेत म्हणून तो मनुष्य चांगले पैसे देतोय, ते मला कळतंय. आई म्हणते अक्कानं तिकडं न्यावी. इथं नको. हिवाळाभर हीटरच्या कोरड्या हवेत लाकूड तडकेल, रात्री दहानंतर आवाज चालत नाही, रविवारी तर भिंतीत खिळा मारला तरी शेजारी येतात, आणि मुख्य म्हणजे मी किती वाजवणार. देवळात देऊन टाका. तो कॉम्प्युटरच्या दुकानातला पोरगा आप्पांकडं यायचा शिकायला, त्याच्या हातात द्या. आधी पेटीवाल्याकडं नेऊन भात्याचं चामडं बघून घ्या, खर्च माझा. वाजवून झाल्यावर भाता बंद करायचा, आत डांबरगोळी ठेवायची, आणि मिरवणुकीच्या ट्रॅक्टरवर चढवायची नाही हे त्याला तोंडावर सांगा. वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी पहिलं भजन त्यावरच होऊदे. पखवाजाला कोण बसेल ते मंडळ बघेल, पण कणीक आईनंच द्यावी.

वर्षश्राद्धाला मी येत नाही यावर आत्या काय बोलल्या ते मला छोटीनं सांगितलंय, तिला रागवू नका. रजा उरलीय ती थोडी, ती छोटीच्या लग्नाला ठेवलीय. डिसेंबरात एकदा आणि फेब्रुवारीत परत एवढं जमत नाही, तिकीट पण दुप्पट असतं डिसेंबरात. आप्पांना विचारलं असतं तर लग्नालाच ये म्हणाले असते. मागच्या वर्षी पहिलं मिळेल ते विमान धरून आले तरी रक्षाविसर्जन झालेलंच होतं, त्यामुळं कुणी मला विधी चुकल्याचं सांगू नये. असो. आत्यांना माझा नमस्कार सांगा, साडी आणतेय म्हणावं.

पैसे काल पाठवलेत, दोन दिवसांत खात्यात दिसतील. त्यातनं श्राद्धाचा खर्च, पेटीची दुरुस्ती आणि हॉलचा ॲडव्हान्स. दादा, तू मागाचं कर्ज ह्यातनं फेडू नकोस, त्याचं वेगळं बघू. गडहिंग्लजच्या लोकांनी काही मागितलेलं नाही म्हणतात, चांगलं आहे, पण मानपानाचं बोलणं दोन मोठी माणसं घेऊन करा. छोटीला दागिने आईचे मोडून करायचे नाहीत, मी पुढच्या दोन महिन्यांत पाठवते की.

मोठी तशीच बसली असताना धाकटीचं कसं, असं लोक बोलणारच. बोलूदेत. पुण्याच्या त्या मुलाला माझा नकार कळवा, गोड शब्दांत. आणि आई, फोनवर मागून कुणाचा तरी हसल्याचा आवाज आला म्हणून तू जे विचारलंस, ते ऑफिसचे लोक होते. काही असलं तर तुलाच आधी सांगेन.

मुहूर्ताची तारीख ठरली की त्याच दिवशी कळवा, तिकीट रोज वर चढूलालंय.

तुमची
अक्का

ता. क. दादा, टेलरकाकूंना पाच हजार नेऊन दे. माझं नाव सांगू नको, घेणार नाहीत. आप्पांकडं शिलाईचं देणं राहिलेलं, वहीत सापडलं, असं सांग.